आधी कोणी काय लिहिले? : पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना

मुंबईहून अहमदाबादकडे जाताना चारोटी नाक्यावर महामार्ग सोडला की डावीकडे डहाणूचा आणि उजवीकडे कासा-जव्हारचा रस्ता लागतो. डहाणूच्या वाटेवर गंजाड आहे. ज्येष्ठ वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्यामुळे हे नाव देशोदेशी पोहोचले. या परिसरात उपाहारगृहांच्या, शाळांच्या, बंगल्यांच्या भिंतींवर त्रिकोणी अंगाची पांढरी माणसे नाचताना दिसतात, आणि त्यांच्या मागोमाग वही-रेकॉर्डर घेऊन फिरणारे पदव्युत्तर विद्यार्थीही. वारली समाज आणि त्यांची कला हा मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत प्रकल्पासाठी, प्रबंधासाठी हमखास निवडला जाणारा विषय आहे.

विषय निवडला जातो, मार्गदर्शक मान डोलावतात, प्रश्नावली तयार होते. घोडे अडते ते दुसऱ्या प्रकरणाशी. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ असे त्याचे भारदस्त नाव. विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘लिटरेचर रिव्ह्यू’. अमुक यांनी अमक्या साली असे म्हटले आहे, तमुक यांनी तमक्या साली तसे म्हटले आहे, अशी पंचवीस-तीस पुस्तकांची माळ ओवली की प्रकरण संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रबंधातील सर्वांत कंटाळवाणी पाने म्हणून परीक्षकही ती भराभर उलटतात. वास्तविक आपण जो प्रश्न विचारणार आहोत तो आपल्याआधी कोणी विचारला, कोणत्या जागी उभे राहून विचारला, त्याचे काय उत्तर मिळाले आणि त्या उत्तराला आधार किती, याचा शोध म्हणजे आढावा. तो नीट घेतला नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी चारोटीच्या परिसरासारखे दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही.

एका वाक्याचा माग

वारली चित्रकलेवरील कोणताही लेख, माहितीपत्रक किंवा प्रकल्प उघडावा. ‘ही कला इसवी सनापूर्वी अडीच ते तीन हजार वर्षांची आहे’ हे वाक्य बहुधा पहिल्याच परिच्छेदात भेटते. काही ठिकाणी त्याऐवजी ‘दहाव्या शतकापासून’ असे असते. या दोन विधानांत तीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, याचे लिहिणाऱ्याला काही वाटत नाही. हवाला दिलाच असेल तर तो पुष्कळदा यशोधरा दालमिया यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या पुस्तकाचा असतो. पण पुस्तक हातात घेऊन ते पान पाहिलेले नसते. कोणाच्या तरी लेखातून हवाला उचललेला असतो, आणि त्या लेखकाने तो आणखी कोठून तरी घेतलेला असतो.

आढावा घेणाऱ्याचे काम येथे सुरू होते. मूळ पुस्तक काढावे. लेखिकेने हा काळ कशाच्या आधारे सांगितला आहे, हे पाहावे. भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी वारली आकृत्यांचे साम्य सर्वत्र सांगितले जाते. साम्य ही तुलना असते. तिच्यावरून अनुमान बांधता येते, काळ ठरवता येत नाही. शिवाय ही चित्रे शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. लग्नासाठी काढलेला चौक पुढच्या सारवणाखाली जातो. अशा भिंती पाच-सात शतके टिकून पुरावा देतील, ही अपेक्षाच व्यर्थ. तेव्हा परंपरा जुनी असू शकेल, कदाचित फार जुनी असेल. पण ‘आहे’ आणि ‘असू शकेल’ यांतील अंतर जपणे हेच संशोधकाचे इमान. मग एन्थोवेन यांच्या १९२० ते १९२२ या काळातील खंडांत, के. जे. सावे यांच्या १९४५ च्या ‘द वारलीज’ या पुस्तकात लग्नविधींच्या वर्णनात चौकाबद्दल काय सापडते, याचा शोध घ्यावा. एवढे केले तर दोन ओळींच्या पोकळ विधानाच्या जागी दोन पानांचा खरा आढावा उभा राहतो.

ही खोड आपल्याकडचीच आहे असे मात्र नाही. पालकाच्या भाजीत लोह भरपूर असल्याचा समज एका दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, असे टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले. आधार दिला नव्हता. पुढे ‘मूळ संदर्भ तपासा’ असे बजावण्यासाठी हाच किस्सा अनेकांनी वापरला. माइक सटन यांनी २०१० साली त्याचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाच्या त्या गोष्टीलाच आधार सापडला नाही. ओले ब्यॉर्न रेकडाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने २०१४ साली या साऱ्या प्रकरणावर एक वाचनीय लेख लिहिला आहे. संदर्भ न तपासण्याच्या दोषावर बोट ठेवणाऱ्यांनीही संदर्भ तपासला नव्हता! बातमीदारांनी यावर फार हसू नये. वर्तमानपत्राच्या कात्रणांच्या फाइलमध्ये एकदा शिरलेली चूक किती वर्षे ‘आमच्याच अंकात आले होते’ म्हणून छापली जाते, हे या धंद्यातील कोणीही सांगेल.

नावे बदलतात, गावे राहतात

शोध संगणकावर करण्याचे दिवस आहेत आणि त्यात वाईट काही नाही. पण संगणक आपण दिलेला शब्दच शोधतो. ‘पालघर जिल्हा’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती प्रामुख्याने २०१४ नंतरचे लेखन लागेल, कारण हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्याआधीचे सारे ‘ठाणे’ या नावाखाली आहे, आणि इंग्रजी अमदानीतील कागदांत ठाण्याचे स्पेलिंगही आजचे नाही. तलासरीचे तर आणखी अवघड. १९४५ साली ज्या झरी गावात आदिवासींची ऐतिहासिक परिषद भरली, ते गाव आज तलासरी तालुक्यात आहे; त्या वेळी ते ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेत गेली. ‘तलासरी’ एवढाच शब्द घेऊन वारल्यांच्या उठावावरील जुनी कागदपत्रे शोधणाऱ्याला ती मिळणार नाहीत, आणि ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ असे तो निःशंकपणे लिहून मोकळा होईल.

जमातीच्या नावाचेही तसेच. रोमन लिपीत वारली हा शब्द निदान तीन-चार प्रकारे लिहिला गेला आहे. श्यामराव परुळेकरांच्या १९४७ च्या पुस्तिकेत तो ‘व’ला ‘व्ही’ लावून येतो, दालमियांच्या पुस्तकात ‘डब्ल्यू’ने. लेखकांची नावेही बदलतात. या उठावातील आदिवासी स्त्रियांवर १९८६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिणाऱ्या इंद्रा मुन्शी सालढाणा आणि पुढील काळात इंद्रा मुन्शी या नावाने आदिवासी प्रश्नावर लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञ एकच आहेत. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी त्यांना दोन लेखिका समजून दोन परिच्छेद करील.

म्हणून पहिल्या आठवड्यात पुस्तके गोळा करण्याऐवजी शब्दांची यादी करावी: गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची जुनी-नवी नावे, स्पेलिंगचे प्रकार, विषयाचे मराठी-इंग्रजी पर्याय. कोणत्या शब्दाने कोठे शोधले आणि काय मिळाले, याची तारीखवार नोंद ठेवावी. वैद्यकशास्त्रात अशी नोंद आता आवश्यकच मानली जाते. त्यामागे शिस्तीच्या हौसेपेक्षा कटू अनुभव अधिक आहे. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे द्रव्य श्वासावाटे घेतलेल्या २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. ज्या प्रमुख संगणकीय साठ्यात संशोधकाने या द्रव्याची माहिती शोधली होती, तो १९६६ पासूनच्या लेखांचा होता. फुप्फुसांवरील घातक परिणामांची नोंद करणारे लेख १९५० च्या दशकातील होते आणि ग्रंथालयाच्या कपाटात शांतपणे पडून होते.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या अपुऱ्या आढाव्याने कोणाचा जीव जात नाही, हे खरे. परंतु ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांच्यावर एखादे चुकीचे वर्णन पिढ्यान् पिढ्या चिकटते.

प्रश्न एक, उत्तरे अनेक

वारली गरीब का राहिला? चारोटीच्या आसपासच्या पाड्यांवर काम करू इच्छिणारा प्रत्येक अभ्यासक फिरून फिरून या प्रश्नापाशी येतो. यावरील लेखन सालवार मांडले तर माळ होते. उत्तरांप्रमाणे मांडले तर वाद ऐकू येऊ लागतो.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी लेखनात, १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरच्या काळात, आदिवासींच्या दारिद्र्याच्या जोडीला त्यांची दारूची आवड आणि काटकसरीचा अभाव यांचा उल्लेख सहज येतो. दोष माणसाच्या स्वभावात. १९३० च्या दशकाअखेरीस मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासी आणि डोंगरी जमातींविषयी अहवाल तयार केला. त्यात बोट सावकार, जमीनदार आणि वेठीच्या पद्धतीकडे वळते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी धन्याकडे राबत राहायचे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. दोष व्यवस्थेत, उपाय सरकारने करायचा. सावे यांचे १९४५ चे पुस्तक सरकारी सेवेतील माणसाने जमातीच्या चालीरीती टिपून घेतल्याचे. त्याच वर्षी झरीची परिषद झाली, वेठ नाकारली गेली आणि ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या लेखनातील वारली संघटित होतो आणि स्वतः उत्तर देतो. पुढे १९८६ च्या लेखात मुन्शी सालढाणा विचारतात की, या लढ्यात उतरलेल्या स्त्रियांचे प्रश्न डाव्या नेतृत्वाला कितपत दिसले? त्यांचाच १९९५ चा लेख वसाहतकाळातील दारूच्या इतिहासावर आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मोहाच्या घरगुती दारूवर सरकारी नियंत्रण आले, हे ध्यानात घेतले की गॅझेटिअरमधील ‘दारूची आवड’ या शब्दांकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. ज्या राजवटीने दारूतून महसूल उभा केला, तिचेच अधिकारी दारुडेपणाची नोंद करीत होते.

असा आढावा वाचणाऱ्याला विद्यार्थ्याने काय वाचले ते कळते आणि त्यातून त्याचा स्वतःचा प्रश्न कसा निघाला तेही दिसते. स्वभाव, सावकारी, संघटना, स्त्रिया, अबकारी धोरण इतके बोलून झाल्यावर आज कशाविषयी कोणीच बोलत नाही? महामार्गालगतच्या जमिनींच्या व्यवहारांविषयी? वीटभट्टीवरील स्थलांतराविषयी? १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, त्याचा पाड्यावरील रोजगाराशी काय संबंध? उणीव अशी दाखवावी लागते. ‘डहाणू तालुक्यातील अमुक गावाचा अभ्यास यापूर्वी झालेला नाही’ ही उणीव नव्हे. महाराष्ट्रातील चाळीस हजारांहून अधिक गावांपैकी बहुतेकांचा अभ्यास झालेला नाही.

येथे एक खाचखळगा सांगायला हवा. कोणते पुस्तक ‘साधन’ आणि कोणते ‘पूर्वसंशोधन’ हे पुस्तकावर ठरत नाही, प्रश्नावर ठरते. उठावाचा इतिहास लिहिणाऱ्यासाठी परुळेकरांचे पुस्तक हे लढ्यातील सहभागी व्यक्तीची साक्ष आहे. ते साधन म्हणूनच तपासायला हवे. वारल्यांविषयी मराठीत कसे लिहिले गेले, असा विषय असेल तर तेच पुस्तक अभ्यासाची वस्तू होते. सावे यांच्या पुस्तकातून लग्नविधींची माहिती घेता येते किंवा १९४५ च्या अधिकाऱ्याची नजर शोधता येते. दोन्ही कामांसाठी ते एकाच दमात वापरले की गोंधळ होतो, आणि तो पुष्कळ प्रबंधांत दिसतो.

चित्रकलेकडे परत आलो तर असाच धडा मिळतो. लग्नाचा चौक काढण्याचा मान सुवासिनींचा. धवलेरी गाणी म्हणते तीही स्त्री. कागदावरील वारली चित्रे १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून शहरात पोहोचली आणि नाव झाले ते बहुतांशी पुरुष चित्रकारांचे. मशे यांचे मोठेपण यात कमी होत नाही. पण ‘पारंपरिक वारली चित्रकार’ हा शब्दप्रयोग प्रबंधात करताना परंपरा कोणाची आणि चित्रकार कोण, हा प्रश्न आढाव्यातच उभा राहायला हवा. धवलेरीची गाणी, कणसरीच्या कथा हे या समाजाचे मौखिक साहित्य. ‘साहित्याच्या आढाव्या’त त्याला स्थान द्यायचे की ते क्षेत्रकार्यात धरायचे, यावर मार्गदर्शकाशी आधीच बोलून घ्यावे. अजय दांडेकर यांनी १९९८ च्या पुस्तकात वारली मिथकांचा विचार केला आहे. तेथून सुरुवात करता येईल.

टिपणांची वही

मिळालेले सर्व पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा हट्ट धरू नये. आधी प्रस्तावना, निष्कर्ष आणि संदर्भसूची चाळावी. एका चांगल्या पुस्तकाच्या सूचीतून मागची दहा पुस्तके सापडतात. त्याच पुस्तकाचा हवाला पुढे कोणी दिला हे गूगल स्कॉलरवर पाहिले की पुढची दहा. विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पाहता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे आवश्यक केले, त्याचा हा फायदा. मात्र जुने अहवाल आणि मराठी नियतकालिके यांसाठी पायपीट करावीच लागते. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था येथे डहाणूचा विद्यार्थी दोन-चार दिवस राहून आला तर महिन्याचे काम होते.

टिपणे काढताना प्रत्येक पुस्तकासाठी चार गोष्टी लिहाव्यात. लेखकाचा प्रश्न काय, पुरावा कशाचा, निष्कर्ष काय, आणि आपल्याला काय पटले नाही. चौथी जागा रिकामी राहिली तर पुस्तक वाचून झालेले नाही असे समजावे. लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह. आपले शब्द वेगळ्या शाईत. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे हे आठवत नाही आणि वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणे लबाडीतून नव्हे, अशा वहीतून जन्माला येतात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. त्यावर, ४० टक्क्यांपर्यंत, सुधारित प्रत द्यावी लागते. ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते.

अलीकडे संगणकाला प्रश्न विचारून आयता आढावा लिहून घेण्याची वाट सापडली आहे. ही यंत्रे अस्तित्वातच नसलेली पुस्तके, लेखक आणि पृष्ठक्रमांक बेमालूमपणे देतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये अशा बनावट निवाड्यांचे हवाले न्यायालयात सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. शब्द शोधायला, परकीय भाषेतील सारांश समजून घ्यायला त्यांची मदत घ्यावी. पण स्वतः डोळ्यांनी न पाहिलेला संदर्भ सूचीत घालू नये. हा नियम यंत्रे येण्यापूर्वीही होताच, फक्त तो मोडणे आता फार सोपे झाले आहे.

थांबायचे कधी, हा शेवटचा प्रश्न. नवे पुस्तक उघडले तरी त्याच्या सूचीतील नावे ओळखीची वाटू लागली, वाद कोणत्या बाजूंत आहे हे न पाहता सांगता येऊ लागले, की पहिला टप्पा संपला. तेव्हा वही मिटून पाड्यावर जावे. तेथून परतल्यावर दुसरे प्रकरण पुन्हा लिहावे लागणार, हे मात्र गृहीत धरावे. चौक काढणाऱ्या म्हातारीने जे सांगितले ते दालमियांच्या पुस्तकात आहे का, सावे यांनी ते निराळे लिहिले आहे का, हे पाहण्यासाठी तीच पुस्तके पुन्हा काढावी लागतात. दुसऱ्या वाचनात समासातील बऱ्याच खुणा खोडाव्या लागतात. प्रबंध सादर करण्याआधीच्या महिन्यात शब्दांची ती पहिली यादी घेऊन आणखी एकदा शोध घ्यावा. मधल्या तीन-चार वर्षांत त्याच प्रश्नावर दुसऱ्या कोणी लिहिलेले असण्याची शक्यता असते, आणि परीक्षकाने ते वाचलेले असण्याची शक्यता त्याहून अधिक.